काउंटर-स्ट्राइक २: धुराआड उभा राहून मेलो, भिंतीमागे पळून मेलो, नक्की बदललंय तरी काय?

जुना_सिल्व्हर

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबलीये, सांभाळून घ्या. आमची पाच जणांची जुनी टोळी, काउंटर-स्ट्राइकचा आधीचा भाग ग्लोबल ऑफेन्सिव्ह, पाच विरुद्ध पाच बंदुकांचा गेम, रोज रात्री जेवण झालं की सुरू, मग कोणाचं लग्न, कोणाची नोकरी, कोणाला पोरगी झाली असं करत करत सगळं थंड पडलं. मागच्या महिन्यात एकाने ग्रुपवर टाकलं की चला रे परत, दुसरा भाग आलाय आणि तो जुन्याच्या जागीच अपडेट म्हणून उतरतो, वेगळा घ्यायला लागत नाही, जुन्या स्किन्स (बंदुकांचे रंगरूप) पण जशाच्या तशा. म्हटलं वा. उतरवला, ओळखीचा म्हणून मिराज मॅप लावला, आणि गेले तीन आठवडे आम्ही पाच जण मनसोक्त मार खातोय.

मार खाण्याबद्दल तक्रार नाही, त्याची सवय आहे, नावातच सिल्व्हर आहे, म्हणजे तळातली रँक. पण कशाने मेलो तेच कळत नाहीये. तीन गोष्टी सांगतो.

एक, परवा ए साइटवर होतो, म्हणजे बॉम्ब लावायच्या दोन जागांपैकी एकीवर, बॉम्ब लावायला बसलो, सीटी स्पॉनकडून (सीटी म्हणजे बॉम्ब रोखणारी टीम, स्पॉन म्हणजे तिची सुरुवातीची जागा) येणारी वाट स्मोक ग्रेनेडच्या धुराने बंद केलेली, अगदी गच्च, जुन्या दिवसांत अशा वेळी मी डोळे मिटून बसलो असतो. आणि धडाम. धुरातून सरळ डोक्यात एक गोळी. आंधळा फायर नव्हता, एकच गोळी. पहिल्यांदा वाटलं समोरचा चीटर आहे, मित्राने मागून बघितलं तर म्हणाला अरे धुराला भोक पडलं होतं. धुराला भोक?

दोन, भिंतीमागे गेल्यावर मरतो. माझ्या स्क्रीनवर मी पूर्ण आत आलोय, समोर वीट दिसतेय वीट, आणि तेव्हा मरतो. सबटिक नावाचं काहीतरी आलंय म्हणे ज्याने हे सगळं सुटणार होतं.

तीन, मॅच संपते. म्हणजे आम्ही हात गरम करतोय तोवर १३-४ झालेलं असतं. पूर्वी ४-११ वरून पण कधीकधी उठायचो राव.

तर प्रश्न असा की मल्टिप्लेअरमध्ये खरंच काय काय नवीन आहे आणि आमच्यासारख्या आठवड्याला चार मॅच खेळणाऱ्यांनी त्यातलं आधी काय शिकायचं? आणि कृपया "एम (निशाणा) सुधार" असं लिहू नका, ते वीस वर्षं ऐकतोय.

---

धुराडं

तुझा पहिला प्रश्न वाचून हसू आलं कारण मी पण पहिल्या आठवड्यात सेम असाच मेलो होतो आणि समोरच्याला रिपोर्ट पण केलं होतं, बिचारा.

बघ, जुन्या गेममध्ये स्मोक म्हणजे प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर काढलेलं एक चित्र होतं असं समज. तुला वेगळा दिसायचा, मला थोडा वेगळा, म्हणून तर ते वन-वे स्मोक चालायचे, एकाला पाय दिसतायत आणि दुसऱ्याला काहीच नाही. आता सोर्स २ इंजिनवर धूर ही मॅपमधली खरी वस्तू झालीये. सगळ्यांना एकच धूर, एकाच आकाराचा. आणि तो जागा बघून पसरतो, भांड्यात पाणी ओतल्यासारखा. मोकळ्या जागेत गोल ढग होतो, बोळात टाकलास तर लांबट पळतो, दार उघडं असेल तर दारातून पलीकडे गळतो, जिना असेल तर जिना उतरतो. आणि ह्याच्यामुळे गोळी गेली की त्यात बारीक बोगदा पडतो, लगेच बुजतो. आणि एचई (स्फोटाचा) ग्रेनेड फुटला की अख्खा धूर बाजूला ढकलला जातो, क्षणभर चक्क समोरचं सगळं उघडं पडतं आणि मग धूर परत येऊन जागा भरतो.

तुझ्या केसमध्ये हेच झालंय. सीटीने धुरात एचई मारला, त्याचा एडब्ल्यूपीवाला (एडब्ल्यूपी ही स्नायपर रायफल) आधीच स्कोप लावून बसला होता, तू बॉम्ब लावताना हलू शकत नाहीस, विषय संपला. आवाज आठवून बघ, मरायच्या जेमतेम आधी एक धमाका ऐकू आला असेल. तो जुन्या सवयीने तू "चला फुकट गेला त्यांचा ग्रेनेड" म्हणून सोडून दिलास.

म्हणजे आता दोन सवयी बदलायच्या. पहिली, धुराच्या बरोब्बर मागे, मधोमध उभं राहायचं नाही. धूर पडदा आहे, भिंत नाही. जिथे भोक पडलं तरी तू रेषेत येणार नाहीस अशा कोपऱ्यात बस, बॉम्ब पण खोक्याच्या आडोशाने लाव. दुसरी, तुमच्यापैकी एकाने एचई राखून ठेवायचा. पूर्वी आपण राउंड सुरू झाल्या झाल्या फेकून मोकळे व्हायचो, आता तो उशिरा जास्त कामाला येतो. मिराजवर मिडमध्ये, म्हणजे मॅपच्या मधल्या भागात, विंडो नावाच्या खिडकीला स्मोक पडलाय, समोरचा विंडोतून बघणारा निवांत झालाय, अशा वेळी एचई टाकायचा आणि फुटल्या क्षणी ज्याला गोळी मारायचीये त्याची बंदूक आधीच तिकडे रोखलेली पाहिजे. फुटल्यावर बंदूक वळवलीस तर गेलं. भोक दोन्ही बाजूंनी असतं हे मात्र विसरू नको, तुला तो दिसतो तेव्हा त्याला तू पण दिसतोस.

जुने लाइनअप (कुठे उभं राहून कुठे रोखून ग्रेनेड फेकायचा ते) बरेचसे चालतात पण डोळे झाकून भरवसा ठेवू नको. प्रॅक्टिसमध्ये ग्रेनेड कॅमेरा म्हणून सोय आलीये, ग्रेनेड हातात घेऊन धरलास की तो कुठे जाऊन पडेल त्याचं छोटं चित्र दिसतं, फेकायच्या आधीच. आम्ही पूर्वी एक स्मोक शिकायला अर्धा तास फेकत बसायचो, आता दहा मिनिटांत तीन होतात. आणि उडी मारून फेकायला ते बाइंड बिंड (एका बटणाला दोन कामं जोडणं) काही लागत नाही आता, उडी मारतानाच सोडलं की दर वेळी सारखंच जातं, थोडं मागेपुढे झालं तरी सांभाळून घेतं.

---

टिकटिक६४

स्मोकचं वर आलंच आहे, मी फक्त भिंतीबद्दल लिहितो कारण ह्यावर लोक जे काय फेकतात ते वाचून डोक्याला शॉट लागतो.

आधी टिक म्हणजे काय. सर्व्हर जगाचा हिशोब सेकंदाला ठराविक वेळा करतो, मॅचमेकिंगमध्ये ६४ वेळा, म्हणजे साधारण दर १५.६ मिलिसेकंदाला एकदा. जुन्या गेममध्ये तू दोन टिकच्या मधे ट्रिगर दाबलास तर सर्व्हर ते पुढच्या टिकला धरायचा. त्यामुळे लोक बाहेरच्या १२८ टिकवाल्या सर्व्हरकडे पळायचे, तिकडे हेच अंतर निम्मं. सबटिकमध्ये जगाचा हिशोब अजून ६४ वेळाच होतो, पण तू नक्की कुठल्या क्षणी दाबलंस, कुठल्या क्षणी उडी मारलीस, कुठल्या क्षणी फेकलंस तो वेळेचा शिक्का सोबत जातो आणि सर्व्हर त्या शिक्क्यानुसार निकाल लावतो. एवढंच आहे ते. टिकच्या मधला अन्याय कमी झाला.

आता तुझी वीट. ती टिकची भानगडच नाही, ती अंतराची आणि नेटची आहे, आणि ती कुठल्याही ऑनलाइन शूटरमध्ये असणार. तू भिंतीमागे सरकलास ही बातमी तुझ्याकडून सर्व्हरला, सर्व्हरकडून समोरच्याला जायला वेळ लागतो. तोवर त्याच्या स्क्रीनवर तू बाहेरच आहेस. त्याने मारलं, ते सर्व्हरला पोचलं, सर्व्हर मागे जाऊन बघतो की मारलं त्या क्षणी ह्याला तू कुठे दिसत होतास, दिसत होतास तर गोळी लागली. मग "तू मेलास" ही बातमी परत तुझ्याकडे यायला वेळ. सगळं धरून समज ०.१ सेकंद गेला. आता एके रायफल घेऊन पळताना वेग सेकंदाला २१५ युनिट, म्हणजे तेवढ्यात तू साडेएकवीस युनिट पुढे गेलास, आणि गेममध्ये माणसाची रुंदी ३२ युनिट. म्हणजे अंगाचा दोन तृतीयांश भाग आडोशाला जाईल एवढं अंतर. ही झाली तुझी वीट. सुरी हातात असेल तर २५० ने पळतोस म्हणजे अजूनच आत गेल्यासारखं वाटतं.

उलट्या बाजूने बघ, हाच नियम तुला पण फायदा देतो. कोपऱ्यावरून तू बाहेर आलास तर तुला समोरचा आधी दिसतो, त्याला तू नंतर. म्हणून कोपरा धरून पुतळ्यासारखं बसणाऱ्यापेक्षा अचानक बाहेर येणारा जिंकतो. तुम्ही पाच जण जुन्या सवयीने कोपरे धरून बसत असणार, बरोबर?

करण्यासारखं काय तर सेटिंग्जमध्ये गेममध्ये जाऊन टेलिमेट्री म्हणून भाग आहे, तिथे पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ), फ्रेम टाइम आणि नेटवर्कचा लॉस (वाटेत गळणारी पॅकेट) दाखव असं सुरू कर. आधी दोन मॅच नुसतं बघ. पिंग किती आहे ह्यापेक्षा तो उड्या मारतोय का ते महत्त्वाचं. पॅकेट गळत असतील तर बफरिंगचा पर्याय आहे, एक पॅकेट किंवा दोन पॅकेट, त्याने थोडा उशीर वाढतो पण झटके कमी होतात. आणि डॅमेज प्रेडिक्शन नावाचं एक आलंय, ते सुरू केलं की गोळी लागल्याचं रक्त सर्व्हरचं उत्तर यायच्या आधीच दिसतं, वाटतं फार भारी, पण कधीकधी रक्त दिसतं आणि गोळी लागलेलीच नसते. तुझ्यासारख्या आधीच गोंधळलेल्या माणसाने ते बंद ठेवावं.

---

जुना_सिल्व्हर

@टिकटिक६४ वीट समजली. आणि हो, कोपरे धरून बसतो, पाचही जण, एकेकाचा ठरलेला कोपरा आहे, त्यावरून भांडणं पण होतात.

टेलिमेट्री लावली. आता लाज वाटतेय सांगायला पण पिंग ठीक होता, लॉस मात्र दर दोन मिनिटांनी लाल. राउटर बाहेरच्या खोलीत आणि मी आत, मधे दोन भिंती आणि फ्रिज. इतके दिवस गेमला शिव्या घालत होतो. आज वायर ओढली, घरातले अडखळून पडतायत, पण लाल गेलं.

@धुराडं धमाका झाला होता. मी मित्रांना म्हणालो पण होतो "हुकला". बॉम्ब लावता लावता.

---

इको_राउंड

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही आणि माझ्या मते सगळ्यात मोठा बदल तोच आहे. धूर, सबटिक हे डोळ्याला दिसतं म्हणून लोक त्यावर बोलतात, मॅच हरता ती पैशात, म्हणजे दर राउंडला बंदुका घ्यायला जे मिळतात त्यात.

जुन्या गेममध्ये ३० राउंड, आधी १६ करेल तो जिंकला, अर्ध्यात १५. आता २४, आधी १३, अर्ध्यात १२. तीन-तीन राउंड कापले, ऐकायला किरकोळ वाटतं. पण पिस्तूल राउंड (प्रत्येक अर्ध्यातला पहिला, पैसे कमी म्हणून पिस्तुलांवरच खेळायचा) अजून दोनच, आणि पिस्तूल हरल्यावर पैशाची जी घसरगुंडी होते ती तेवढीच लांब राहिलीये. पिस्तूल हरलात, दुसऱ्यात चिडून अर्धवट खरेदी करून परत हरलात, तिसऱ्यात पैसे नाहीत, ०-३. पंधरामधले तीन गेले तर बारा उरायचे. बारामधले तीन गेले तर नऊ. आणि दोन्ही अर्ध्यांत हेच केलंत की समोरच्याला सहा फुकट, त्याला फक्त सात कमवायचेत. तुमचं १३-४ असंच होत असणार, मी पैज लावतो.

त्यामुळे पहिला नियम, पिस्तूल हरलात की माईकवर एक जण बोलणार, घेतोय किंवा नाही घेत, आणि पाचही जण तेच करणार. दोघांनी घेतलं आणि तिघांनी नाही हा प्रकार २४ राउंडांत परवडत नाही. हरल्यावर मिळणारे पैसे १४०० पासून पायरीपायरीने ३४०० पर्यंत चढतात, टेररिस्ट बाजूला असाल तर हरलात तरी बॉम्ब लावला असेल तर वर आणखी थोडे मिळतात. म्हणजे पैसे नसलेल्या राउंडला पण पळत जाऊन बॉम्ब लावून मरणं हे सुरीने हवेत वार करत मरण्यापेक्षा कधीही बरं.

दुसरं, खरेदीचा तक्ता. ते जुनं गोल चाक गेलं, आता सगळं एका पानावर दिसतं आणि टीममधल्या इतरांनी काय घेतलंय तेही. पण खरी गंमत म्हणजे घेतलेली वस्तू परत करता येते, खरेदीची वेळ असेपर्यंत आणि वापरली नसेल तर पूर्ण पैसे वापस. लोक हे फक्त चुकून भलतं बटण दाबलं तर वापरतात. आम्ही असं वापरतो बघ. परवा माझ्याकडे ५२०० होते, दोस्ताकडे १८००. मी सवयीने एके घेतली २७००, हेल्मेटसकट बख्तर १०००, उरले १५००. दोस्त म्हणतो माझ्याकडे बंदुकीचे आहेत पण मग बख्तर नाही. पूर्वी असतं तर घे स्वस्तातली गॅलिल रायफल आणि मर उघडा. आता मी बख्तर परत केलं, २५०० झाले, त्यातून १८०० ची गॅलिल त्याला टाकली, उरलेल्या ७०० मधून ६५० चं साधं बख्तर मला. त्याने स्वतःचे १००० घालून हेल्मेटसकट बख्तर घेतलं, ३०० चा स्मोक आणि दोन फ्लॅश (डोळे दिपवणारे ग्रेनेड). शेवटी माझ्याकडे ५० उरले आणि त्याच्याकडे १००. दोघं पण पूर्ण तयार. पंधरा सेकंदांत होतं हे, फक्त कोणीतरी बोलायला पाहिजे.

तिसरं, मॅचच्या आधी लोडआउट, म्हणजे कुठल्या बंदुका सोबत नेणार ते, लावायचा असतो, विसरू नको. सुरुवातीच्या पिस्तुलासकट पाच पिस्तुलं, पाच मधल्या दर्जाच्या बंदुका, पाच रायफली असे १५ कप्पे. आता सीटीला दोन्ही एम४ रायफली सोबत नेता येतात, सायलेन्सरवाली पण आणि बिनसायलेन्सरवाली पण. उलट म्हणजे जी बंदूक कप्प्यात ठेवली नाहीस ती मॅचमध्ये मिळणारच नाही. आमच्यातला एक जण पहिल्या दिवशी एडब्ल्यूपी न ठेवता आला आणि अर्धी मॅच तक्त्यात शोधत होता, वर सांगतो "बहुतेक काढून टाकलीये गेममधून".

---

बॉटपेक्षा_बरा

सगळे नवीन काय आलं ते सांगतायत, गेलं त्याचं कोण सांगणार?

डेंजर झोन मोड गेला तो गेलाच. आम्ही दोघं भाऊ तोच खेळायचो, बाकी काही जमायचं नाही. २७ सप्टेंबर २०२३ ला गेम आला तेव्हा आर्म्स रेस मोड पण नव्हता, तो फेब्रुवारी २०२४ मध्ये परत आला. बंदूक डाव्या हातात घ्यायची सोय, जी अगदी जुन्यापासून होती, ती सुद्धा नव्हती, ती एप्रिल २०२४ मध्ये दिली. आणि मॅक तर सरळ बंदच, माझा एक जोडीदार त्या एका कारणाने सुटला तो सुटला. मी म्हणतो नवीन घर बांधा ना, पण जुनं पाडायच्या आधी सामान तरी हलवा.

धूर मस्त आहे, मान्य. पाच मिनिटं नुसता त्यात गोळ्या मारत बसलो होतो.

---

टिकटिक६४

@बॉटपेक्षा_बरा आर्म्स रेसवर सहमत. पण एक काढून टाकलं ते बरं केलं, ऑगस्ट २०२४ पासून अधिकृत सर्व्हरवर ते डावीकडे-उजवीकडे पळायच्या ए आणि डी बटणांचं आपोआप उलटसुलट करणारं प्रकरण बंद, कीबोर्डमधून करा नाहीतर बाइंडने, गेम बाहेर काढतो. पळता पळता थांबून मारणं हे बोटाचं कौशल्य आहे, कीबोर्डचं नाही. @जुना_सिल्व्हर तुमच्यापैकी कोणी नवा कीबोर्ड घेतला असेल तर ते आधी बंद करायला सांग, नाहीतर मॅचच्या मधेच गायब होईल आणि चौघं त्याला शिव्या घालत बसाल.

---

रिकॉइल_काका

मी काउंटर-स्ट्राइक १.६ पासूनचा, तेव्हा नेटच नव्हतं घरी, वायरी जोडून खेळायचो. त्यामुळे हे सबटिक वगैरे माझ्या डोक्यावरून जातं. पण दोन गोष्टी पोरांनी सांगितल्या नाहीत म्हणून लिहितो.

रडारकडे बघत जा. तू आवाज करतोस, पळतोस, उडी मारतोस, तेव्हा रडारवर तुझ्याभोवती एक गोल उमटतो, आवाज तेवढ्या टापूत ऐकू जातो. मी इतकी वर्षं अंदाजाने चालायचो, की इथून पुढे चोरपावलाने जावं. आता गोल बघून कळतं की समोरच्या खोलीपर्यंत पोचतोय का नाही. म्हाताऱ्या कानांना फार उपयोगी. सवय लागायला मला महिना गेला, आता गोल नसेल तर चुकल्यासारखं वाटतं.

आणि तुम्ही कॉम्पिटिटिव्ह खेळताय का प्रीमियर? हे कोणी विचारलंच नाही. प्रीमियरमध्ये मॅप तुम्ही निवडत नाही, सात मॅपमधून दोन्ही टीम आळीपाळीने काही बाद करत जातात आणि उरेल त्यावर खेळायचं, मग बाजू निवडायची. बारा-बारा झाले तर ओव्हरटाइम. तिथे रँकच्या जागी आकडा असतो, दहा मॅच जिंकल्या की मिळतो, आणि मॅच सुरू होतानाच दिसतं की जिंकलात तर किती वाढणार आणि हरलात तर किती जाणार. ते आधी दिसणं वाईट. आमच्यातल्या एकाचे तर तो आकडा बघूनच हात थरथरायला लागतात.

कॉम्पिटिटिव्हमध्ये मॅप तुम्ही निवडता आणि रँक प्रत्येक मॅपची वेगळी. मिराजवर वर असाल आणि न्यूकवर तळात, काही बिघडत नाही, दुसरीकडची रँक हलत नाही. तुमच्यासारख्यांनी इथेच राहावं. दोन मॅप धरा, महिनाभर तेच. प्रीमियरला एक मॅप येत असून भागत नाही, समोरचे नेमका तोच उडवतात.

हां, आणि कधी मॅच मधेच रद्द झाली तर घाबरू नका. कोणी चीट करताना सापडला तर सगळ्यांची मॅच तिथल्या तिथे थांबवतात, व्हॅक लाइव्ह म्हणतात त्याला. मी पहिल्यांदा झालं तेव्हा वायर काढून परत लावली होती.

---

इको_राउंड

काका, मॅपचं पटलं, पण प्रीमियर टाळा हे नाही पटत. पाच जणांची टोळी असताना कॉम्पिटिटिव्हमध्ये काय मजा? बाद करायचा खेळ हाच अर्धा खेळ आहे. आम्ही दोन मॅप नीट शिकलो आणि दोन ठरवून बाद करतो, मधले तीन नशिबावर. आकडा पाच हजारच्या खाली आला की करडा होतो, होऊ दे. करड्या रंगाने कोणी मेलेलं नाही.

---

रिकॉइल_काका

तू तरुण आहेस.

---

जुना_सिल्व्हर

सगळ्यांचे आभार, काल रात्री बसलो पाचही जण, अहवाल देतो.

आधी अर्धा तास ग्रेनेड कॅमेरा घेऊन मिराजवरचे तीन स्मोक शिकलो, मिडमधून विंडो, ए ला जिना, आणि सीटी स्पॉन. फक्त तीनच. मग लोडआउट बघितला तर आमच्यातल्या दोघांनी सगळे कप्पे कसेही भरले होते, एकाकडे चार शॉटगन. विचारलं कशाला, तर म्हणे "जागा रिकामी होती".

पैशाचं मी बोलायचं ठरलं. पिस्तूल हरलो, मी म्हणालो कोणी काही घ्यायचं नाही, आणि राव पहिल्यांदा खरंच कोणी काही घेतलं नाही. पळत गेलो, बॉम्ब लावला, मेलो. तिसऱ्या राउंडला पाच रायफली हातात. तिथून ०-२ चं ३-२ झालं. मधे एकदा परत करायचा प्रकार पण केला, दोस्ताला बंदूक मिळाली, मी मात्र घाईत बख्तर परत करून नवीन घ्यायला विसरलो आणि टीशर्टवर लढायला गेलो. पण तो राउंड जिंकलो, त्यामुळे चालतं.

कोपऱ्यांवरून भांडण झालं. एकाने आपला कोपरा सोडायला साफ नकार दिला, सोळा वर्षं तिथेच बसतोय म्हणे. सोडला मग, दोनदा मेल्यावर.

आता मुख्य. स्कोअर ११-११, आम्ही सीटी, समोरच्यांनी विंडोला स्मोक टाकला आणि मला आठवलं. माझ्याकडे एचई होता, शेवटपर्यंत जपून ठेवलेला, धुराडं भाऊंना आठवून. मागे मित्र एडब्ल्यूपी घेऊन. मी माईकवर म्हणालो थांब, मोजतो, तीन, दोन, एक, फेकला. फुटला. धूर असा बाजूला झाला की पलीकडचं मिड आरशासारखं दिसलं, आणि बरोब्बर मधे एक जण उभा, डाव्या बाजूला बघत, त्याला काही पत्ताच नाही. मी ओरडलो मार. आणि मित्र म्हणतो "थांब, रीलोड होतंय".

धूर परत भरला. त्या धुरातून एक फ्लॅश आला आणि आम्ही दोघं गेलो. ११-१३ हरलो.

पण १३-४ नव्हतं. आज परत बसतोय, प्रीमियरचं बटण दाबायचं का ह्यावर अजून मतदान चालू आहे, तीन विरुद्ध दोन आहे, तिसरा फुटायच्या बेतात आहे.

---

धुराडं

एक, तुला मोजताना "मारणार, मारून झालं, रीलोड, तयार" हे त्याच्याकडून ऐकायचं असतं, तू मोजून उपयोग नाही. तो "तयार" म्हणेपर्यंत पिन काढायची नाही.

दोन, एडब्ल्यूपीच्या मॅगझिनमध्ये आता पाचच गोळ्या असतात, पूर्वी दहा होत्या. त्याने धूर बघून आंधळेपणाने उडवल्या असणार. विचार त्याला.

---

जुना_सिल्व्हर

विचारलं. म्हणतो "बोगदा पडतो का बघत होतो".